चोवीस तासांची ड्युटी आणि अग्निशमन जवानाचा ताण: मोजायचा कसा, कमी करायचा कसा

आगीशी झुंजताना येणारा ताण जवानाच्या ओळखीचा असतो. त्याचं प्रशिक्षण झालेलं असतं, बाजूला जोडीदार असतो, समोर काय करायचं ते स्पष्ट असतं. माणूस पोखरला जातो तो बऱ्याचदा आगीबाहेरच्या गोष्टींनी. रात्रीत तीनदा मोडलेली झोप, सकाळी चार्ज देताना कळलेली डबल ड्युटी, घरी जाऊन आडवं व्हावं तर दारावरची बेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे वर्षानुवर्षं चाललं की चिडचिड हा स्वभावच वाटायला लागतो आणि ‘आमची नोकरीच अशी’ म्हणून विषय मिटवला जातो.

तो असा मिटवू नये. लांब पाळीतून येणारा ताण मोजता येतो आणि बराचसा कमीही करता येतो. पुढचं सगळं जवान, चालक, स्टेशनचे अधिकारी आणि घरची माणसं यांनी मिळून वाचावं असं आहे, कारण एकट्या जवानाच्या हातात यातलं निम्मंच आहे.

आधी खरे तास काढा

‘तुमची ड्युटी किती तासांची?’ याला प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं. आठवड्याला सरासरी किती तास, हे मात्र फार कमी जण काढून बघतात. कागद घ्या आणि गणित मांडा.

२४ तास ड्युटी, २४ तास सुट्टी असेल तर आठवड्याला सरासरी ८४ तास भरतात. २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी असेल तर ५६. बारा तास काम आणि चोवीस तास सुट्टी या चक्राचेही ५६च होतात. आठ तासांची पाळी आणि आठवड्याची एक सुट्टी धरली तर ४८. ब्रिटनमध्ये दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस सुट्टी अशी जुनी पद्धत आहे, तिची सरासरी ४२ तास पडते. अमेरिकेत २४ तासांची ड्युटी सर्रास आहे, पण तिथल्या कायद्याने अग्निशमन कर्मचाऱ्याला २८ दिवसांत २१२ तासांच्या वर काम झालं की जादा दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. म्हणजे आठवड्याला ५३ तास ही रेघ.

आता यात न मोजलेले तास घाला. रिलीव्हर उशिरा आला म्हणून थांबलेला पाऊण तास, सहकाऱ्याच्या बदली केलेली ड्युटी, बंदोबस्त. बदलापूर किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याचे जाऊन-येऊन चार तास प्रवासात जातात. सुट्टीच्या दिवशी रिक्षा चालवणं, दुकानात बसणं, खासगी इमारतीत फायर सेफ्टीचं काम बघणं हेही लिहा. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, त्यामुळे लपवायचं कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमचा आकडा ५५ च्या वर गेला असेल तर खालचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

२८ दिवसांची वही

पाळी किती तासांची आहे यापेक्षा त्या पाळीत सलग झोप किती मिळाली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शांत स्टेशनवरची चोवीस तासांची ड्युटी गजबजलेल्या स्टेशनवरच्या बारा तासांपेक्षा हलकी जाऊ शकते. म्हणून नोंद ठेवायची ती झोपेची. चार आठवडे ठेवली की पाळीचं पूर्ण चक्र, साप्ताहिक सुट्ट्या आणि एखादी डबल ड्युटी सगळं त्यात येतं.

समजा, पाळीपत्रकावर रात्री ११ ते सकाळी ६ ‘विश्रांती’ आहे. वहीतली त्या रात्रीची नोंद अशी असू शकते (वर्दी म्हणजे स्टेशनवर मदतीसाठी आलेला कॉल):

‘११.४० ला झोप लागली. १२.५० ला वर्दी, झाड पडलं, रस्ता मोकळा केला. २.१० ला परत. कपडे बदलून पडलो, झोप लागली ३ ला. ४.२५ ला वर्दी, कचऱ्याला आग. ५.१५ ला परत. मग डोळ्याला डोळा नाही.’

कागदावरची विश्रांती सात तास. प्रत्यक्ष झोप २ तास ३५ मिनिटं. त्यातला सर्वांत लांब सलग तुकडा १ तास २५ मिनिटं. या तीन आकड्यांमधली तफावत म्हणजेच तुमचा ताण कुठून येतो त्याचं उत्तर. दर ड्युटीनंतर एकूण झोप आणि सर्वांत लांब सलग तुकडा हे दोन आकडे ठळक लिहा. सुट्टीच्या दिवशीची झोप वेगळ्या रकान्यात.

दर रविवारी त्याच वहीत तीन प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा. या आठवड्यात घरी किंवा स्टेशनवर किती वेळा विनाकारण आवाज चढला? गाडीवर, बसमध्ये, लोकलमध्ये नकळत डुलकी किती वेळा लागली? ड्युटीला निघताना छातीत किंवा पोटात गोळा आल्यासारखं किती वेळा झालं? आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर ‘दोन दिवस झोपलो की ठीक होईल’ यावर विसंबू नका. दिवसाच्या झोपाळूपणासाठी डॉक्टर एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची चाचणी वापरतात, २४ पैकी १० च्या वर गुण आले तर तपासणी करून घ्यावी असं मानलं जातं.

शरीरात काय होतं

हे समजून घेतलं की पुढचे उपाय पाळणं सोपं जातं.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी मंदावते, आणि २४ तास जागरण झालं की ती जवळपास ०.१० टक्क्यांवर जाते. हे १९९७ पासून प्रयोगांतून दिसत आलं आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारू पिऊन कुणी बंबाच्या स्टिअरिंगला हात लावला तर आपण त्याला खाली उतरवू. रात्रभर जागलेल्याला मात्र ‘चल, निघ लवकर’ म्हणतो.

दुसरी गोष्ट गाढ झोपेतून घंटेवर उठण्याची. पाय जमिनीवर टेकतात, गमबूट चढतात, गाडी सुटते, पण डोकं पूर्ण जागं व्हायला १५ ते ३० मिनिटं लागतात. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, तेव्हा हा जडपणा आणखी जाणवतो. शरीर मात्र घंटेसरशी धडधडायला लागलेलं असतं. नाडी चढते, रक्तदाब चढतो. अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. आग विझवण्यात जवानांचा वेळ फारच थोडा, १ ते ५ टक्के जातो. तरी या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्याच कामादरम्यान झाले होते. तिथल्याच जवळपास ७,००० जवानांच्या २०१५ च्या पाहणीत ३७ टक्क्यांमध्ये झोपेच्या विकाराची लक्षणं सापडली, आणि बहुतेकांना आधी त्याचा पत्ताही नव्हता. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा त्यातला मोठा भाग.

तिसरी गोष्ट मनाची. कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, अशी नोकरी माणसाला सर्वांत जास्त शिणवते, हे १९७९ पासून कामाच्या ताणाच्या अभ्यासात मांडलं जात आहे. वर्दी कधी येणार यावर जवानाचा ताबा असूच शकत नाही. म्हणून जिथे ताबा देता येतो, म्हणजे पाळीपत्रक, सुट्टी, अदलाबदल, झोपायची जागा, तिथे तो दिलाच पाहिजे. या लेखातला सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच.

ड्युटीला जाण्याआधी

चोवीस तासांच्या किंवा रात्रीच्या ड्युटीआधीच्या दोन रात्री सात-आठ तास झोप घ्या. झोप साठवता येत नाही असं म्हणतात, पण आधी पुरेशी झोप झालेली असेल तर जागरण कमी बाधतं हे खरं आहे. रात्रपाळी असेल तर दुपारी दीड तास झोपून निघा. घरून निघताना जेवण उरकलेलं असावं आणि डबा सोबत असावा, कारण रात्री एक वाजता स्टेशनजवळ वडापाव आणि चहाशिवाय काही मिळत नाही, आणि तळलेलं खाऊन झोप लागणं कठीण.

चार्ज घेताना मागच्या पाळीच्या जवानाला एक प्रश्न जरूर विचारा: रात्र कशी गेली? त्याची रात्र वाईट गेली असेल तर त्याला लवकर मोकळं करा. उद्या तोच तुम्हाला करील.

ड्युटीवर

झोप मिळेल तेव्हा घ्या. साडेनऊला जेवण, दहाला अंथरूण, असा दिनक्रम स्टेशनवर बसवता आला तर उत्तम. पहिल्या झोपेत गाढ झोपेचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि मोबाइल बघत बारा वाजवले तर नेमकी तीच जाते. दुपारी वर्दी नसेल तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्या. ती आळस समजणाऱ्या अधिकाऱ्यांनी वरचे आकडे पुन्हा वाचावेत. पाऊण तासाच्या पुढे झोपलात तर उठताना डोकं जड होईल, हे लक्षात ठेवून गजर लावा.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. सकाळी आठला सुटून घरी झोपायचं असेल तर शेवटचा चहा पहाटे दोनच्या सुमारास, त्यानंतर नाही. पहाटे पाचला वर्दीवरून आल्यावर सगळ्यांनी मिळून चहा घ्यायची रीत जिव्हाळ्याची आहे, ती मोडायची गरज नाही. कपात दूध किंवा गरम पाणी असलं तरी गप्पा तशाच होतात.

गाढ झोपेतून उठून वर्दीवर निघालात की पहिली पंधरा मिनिटं स्वतःवर विसंबू नका, जोडीदारावर विसंबा. बी.ए. सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) चढवताना दाबाचा आकडा मनात वाचायचा नाही, मोठ्याने बोलायचा. ‘दोनशे नव्वद.’ जोडीदाराने तो स्वतः बघून पुन्हा बोलायचा. मास्कची पट्टी, सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, कमी दाबाची शिट्टी वाजते का, सगळं दोघांनी. याला वीस सेकंदही लागत नाहीत. रेडिओवर आलेला पत्ताही चालकाने आणि शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने एकमेकांना बोलून दाखवावा. ‘गल्ली नंबर तीन’ आणि ‘गल्ली नंबर तेरा’ यांत अर्धवट झोपेतल्या कानाला फरक कळत नाही.

चालकाची वेगळी काळजी घ्या. आत जाणाऱ्या जवानाची बदली घटनास्थळी होते, पण बारा-पंधरा टनांची गाडी अरुंद रस्त्यातून नेणारा चालक बहुतेक वेळा एकच असतो. वर्दीवर जाताना अंगात त्वेष असतो, झोप येते ती परतताना. परतीच्या वाटेवर चालकाशेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं, हा नियम लेखी करा.

मोठ्या वर्दीनंतर

स्टेशनवर आल्याबरोबर अंथरुणावर पडू नका. आधी धुराने माखलेले कपडे बाहेर काढा, अंघोळ करा, पाणी प्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामालाच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे. तेव्हा ज्या खोलीत झोपायचं तिथे काजळीचे कपडे आणि हेल्मेट ठेवणं बंद झालंच पाहिजे.

ज्या वर्दीत लहान मूल गेलं, सहकारी जखमी झाला किंवा ओळखीचं माणूस निघालं, त्यानंतर अधिकाऱ्याने दहा मिनिटं सगळ्यांसोबत बसावं. काय झालं ते सरळ शब्दांत सांगावं, कुणाला बोलायचं असेल तर ऐकावं. कुणालाही बळेच बोलतं करू नये. ‘सगळ्यांनी आपापला अनुभव सांगा’ अशी सक्तीची बैठक लगेच घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळतो, असा पुरावा नाही, उलट काहींना ती जाचते. त्यापेक्षा दोन दिवसांनी आणि दोन आठवड्यांनी त्या जवानाला बाजूला घेऊन ‘झोप लागते का?’ एवढं विचारलेलं जास्त उपयोगी पडतं. झोपेचा प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो. मनाचा विचारला की ‘मी ठीक आहे साहेब’ म्हणून मोकळा होतो.

घरी जाताना आणि घरी गेल्यावर

रात्रभर वर्द्या झाल्या असतील तर दुचाकीला किक मारण्याआधी स्टेशनवरच वीस मिनिटं झोपा. घरी पोहोचायला उशीर होईल म्हणून चिडू नका, आणि घरच्यांनीही चिडू नये. पापणी जड होत असेल तर गाडी तिथेच ठेवून बसने जा. परतताना गॉगल घालणंही फायद्याचं, कारण डोळ्यावर सकाळचं लख्ख ऊन पडलं की शरीराला दिवस सुरू झाल्याचा निरोप जातो आणि झोप उडते.

यापुढचा भाग वहिनींनी, आईंनी, भावांनी वाचावा. आपल्या घरांत दिवसाची झोप ही झोप समजलीच जात नाही. ‘घरीच आहेस ना, मग गॅस सिलिंडर घेऊन ठेव, बाळाला शाळेतून आण, बँकेत जाऊन ये.’ बोलणाऱ्याचं चुकत नाही, घर चालवायचं असतं. पण रात्रपाळीवरून आलेल्या माणसाची सकाळी नऊ ते दुपारी दीड ही तुमची रात्री अकरा ते साडेतीन आहे, असं धरा. त्या वेळात बेल बंद ठेवा, खिडकीला जाड पडदा लावा, त्याचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका खोलीचं घर असेल तर कुकर आणि मिक्सर तो येण्याआधी किंवा उठल्यावर लावा. पंख्याचा एकसुरी आवाज इतर आवाज झाकायला मदत करतो. उठल्यावर मात्र त्याने घरासाठी वेळ द्यायचा, मुलांना घेऊन बसायचं, हा त्याच्या बाजूचा शब्द. महिला जवान असेल तर हे सगळं दुपटीने लागू होतं, कारण ती घरी आल्यावर तिची दुसरी ड्युटी स्वयंपाकघरात सुरू होते. तिच्या झोपेचे तास घरातल्या सगळ्यांनी ठरवून पाळायला हवेत.

झोप यावी म्हणून दारू घेणं हा या नोकरीत रुजलेला उपाय आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोपेचा उत्तरार्ध मोडतो, घोरणं वाढतं आणि उठल्यावर थकवा तसाच राहतो. काही महिन्यांत एकाचे दोन पेग होतात. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना पाळीची पूर्ण माहिती दिल्याशिवाय घेऊ नका.

अधिकाऱ्याच्या हातात काय आहे

मनुष्यबळ मंजूर करणं स्टेशन ऑफिसरच्या हातात नसतं. पाळीपत्रक बऱ्याच अंशी असतं, आणि जवानाच्या ताणाचा मोठा हिस्सा तिथेच ठरतो.

पाळीपत्रक किमान दोन आठवडे आधी लावा. बहिणीचं लग्न, मुलाची परीक्षा, गावची जत्रा यांना जाता येणार की नाही हे आधी कळणं म्हणजेच आयुष्यावर ताबा असणं. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांचं अंतर ठेवा. रात्री उशिरा सुटलेल्याला सकाळी लवकर बोलावणं सर्वांत महागात पडतं. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवा. उलट दिशा शरीराला जड जाते. सलग रात्रपाळ्या दोन किंवा तीनच्या वर नकोत. अदलाबदल करू द्या, पण सलग ३६ किंवा ४८ तास होणार असतील तर जवानाने कितीही विनंती केली तरी नाही म्हणा.

ड्रिलची वेळ आदल्या रात्रीच्या वर्द्या बघून ठरवा. स्टेशनच्या झोपायच्या खोलीत अंधार, पंखा, प्रत्येकाला स्वतःची चादर आणि महिला जवानांसाठी वेगळी खोली हवी. शक्य असेल तिथे ज्या गाडीला वर्दी आहे तेवढ्याच जवानांना उठवणारी व्यवस्था करा. एका गाडीसाठी अख्ख्या स्टेशनची झोप मोडणं टाळता येतं.

वर्षातले काही दिवस आधीच माहीत असतात. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आगी, पावसाळ्यात झाडपडी आणि घरं कोसळणं, संक्रांतीला मांजात अडकलेले पक्षी, गणपती विसर्जनाचा बंदोबस्त. या काळात रजा बंद करावी लागते हे सगळे समजून घेतात. त्यानंतरच्या आठवड्यात विश्रांतीचे दिवस कुणाला कधी मिळणार हे मात्र आधीच लिहून लावा. ‘नंतर बघू’ म्हटलेली सुट्टी मिळत नाही, हे जवानाला अनुभवाने माहीत असतं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळा-सोसायट्यांतली प्रात्यक्षिकं त्यात होतातच. त्याच सप्ताहात प्रत्येक जवानाचा रक्तदाब, साखर, गरज असेल त्याचा ईसीजी आणि झोपेची चाचणी उरकली तर वर्षातून एकदा तरी तपासणी चुकत नाही.

कोणत्या लक्षणांवर थांबायचं नाही

काही लक्षणं दिसली तर वही पूर्ण होण्याची वाट बघू नका. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं, हे वर्दीवर असो वा अंथरुणावर, तडक रुग्णालयात. ‘ॲसिडिटी असेल’ हा शब्द त्या वेळी उच्चारू नका. जोराने घोरणं आणि झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. महिनाभर त्याच घटनेची स्वप्नं पडणं, त्या रस्त्याने जाणं टाळणं, घंटा वाजली की हात थरथरणं, घरच्यांपासून तुटत जाणं, असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

जगणं नकोसं वाटत असेल किंवा सहकाऱ्याच्या बोलण्यात तसं आलं तर त्याच क्षणी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. सहकारी असेल तर त्याला एकटं सोडू नका, शेजारी बसून स्वतः क्रमांक लावून द्या, आणि त्या पाळीपुरतं त्याला वर्दीवरून उतरवायला अधिकाऱ्यांना सांगा.

२८ दिवस भरले की वही घेऊन अधिकाऱ्यांकडे जा, शक्य असेल तर तीन-चार जवान मिळून. ‘फार ताण आहे साहेब’ या वाक्यावर कुणाला काही करता येत नाही. ‘या महिन्यात आमच्या अकरा रात्रींपैकी सात रात्री सलग दोन तासही झोप झाली नाही, आणि त्यातल्या तीन रात्रींनंतर लगेच डबल ड्युटी होती’ अशा वाक्यावर पाळीपत्रक बदलता येतं, वरिष्ठांना पत्र लिहिता येतं, जादा माणसं मागता येतात. बदल झाला की पुढचे २८ दिवस पुन्हा नोंद ठेवा आणि दोन्ही महिन्यांचे सलग झोपेचे आकडे शेजारी शेजारी मांडा.